फार्महाऊसवरच्या तलावाचा बांध: नव्या मालकासाठी तपासणी आणि निगा

मुळशी, मावळ, कर्जत, इगतपुरी या पट्ट्यात नाल्याला आडवा मातीचा बांध घालून केलेले खासगी तलाव आता बरेच आहेत. चार ते आठ मीटर उंची, एखाद-दोन हेक्टर पाणी, काठावर खोल्या, दोन होड्या, गळ टाकायला जागा. अशी जमीन घेताना सातबारा, रस्ता, वीज सगळे बारकाईने पाहिले जाते. बांध मात्र ‘इतकी वर्षं उभाच आहे की’ म्हणून सोडून दिला जातो. पहिल्यांदाच बांधाची जबाबदारी आलेल्या मालकासाठी आणि जागेवर राहणाऱ्या व्यवस्थापकासाठी हे लिहिले आहे.

सिंचनाच्या तलावात आणि तुमच्या तलावात एक मोठा फरक आहे. सिंचनाचा तलाव दिवाळीनंतर उतरू लागतो आणि मे महिन्यात त्याचा तळ दिसतो. पाण्याकडचा उतार दरवर्षी उघडा पडतो, त्यामुळे तो पाहता येतो, दुरुस्त करता येतो. करमणुकीचा तलाव बारा महिने काठोकाठ ठेवतात, कारण पाहुण्याला भरलेला तलावच हवा असतो. त्यामुळे बांधावरचा दाब कधी हटत नाही, पाण्याखालचा भाग कुणी पाहत नाही, आणि पहिला जोरदार पाऊस झेलायला तलावात जागाच नसते. त्यात शोभेसाठी केलेल्या गोष्टींची भर पडते: जादा पाणी काढून देणाऱ्या सांडव्यावर फळ्या, मासे जाऊ नयेत म्हणून जाळी, माथ्यावर झाडांची रांग. बांधाचा घात बहुतेक वेळा याच गोष्टी करतात.

जबाबदारी कुणाची?

२०२१चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणाला तो ठरावीक अटींवर लागू होतो, उदाहरणार्थ लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर असेल तर. तुमचा सहा मीटरचा बांध त्यात बसत नाही. याचा सरळ अर्थ असा की या कायद्याखालची पावसाळ्याआधीची आणि नंतरची तपासणी तुमच्या बांधावर होणार नाही. ती तुम्हालाच करायची आहे. बांध फुटून खालच्या माणसाचे नुकसान झाले तर ‘कायदा लागू नव्हता’ हे उत्तर चालत नाही. आपल्या जमिनीवर साठवलेले पाणी निसटून शेजाऱ्याचे नुकसान झाले तर साठवणारा जबाबदार, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८६८ सालीच ठरले. तो खटला गिरणीमालकाच्या खासगी तलावावरूनच झाला होता, आणि भारतीय न्यायालयांनीही ते तत्त्व उचलले आहे.

नाल्यातले पाणी आणि नाला या दोन्हींवर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे शासनाचा हक्क असतो. म्हणून बांधाची उंची वाढवणे, सांडवा हलवणे अशा कामांना हात घालण्यापूर्वी तालुक्याच्या जलसंधारण किंवा जलसंपदा कार्यालयात लेखी विचारणा करा. जुनी परवानगी, नकाशा, मोजमाप वही असे काही आधीच्या मालकाकडे असेल तर खरेदीखताच्या आधीच मागून घ्या.

पायरी १: बांध मोजून कागदावर आणा

साहित्य थोडेच लागते. ३० मीटरचा टेप, ऑइल पेंट, खुंट्या, आणि गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी, किमान २० मीटर लांब. नळीत पाणी भरताना हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर दोन टोकांची पातळी फसवते.

माथ्यावर दर १० मीटरला खुंटी ठोका आणि क्रमांक रंगवा. १, २, ३ असे. यापुढे तडा, भोक, ओल जे काही दिसेल ते या क्रमांकांवरून नोंदवायचे: ‘खुंटी ४ आणि ५च्या मध्ये, कोरड्या बाजूला, माथ्यापासून ३ मीटर खाली’. मग नळीने प्रत्येक खुंटीपाशी माथ्याची उंची सांडव्याच्या उंबऱ्याच्या, म्हणजे पाणी जिथून सांडू लागते त्या कडेच्या, तुलनेत किती, ते लिहा. बांधाची उंची म्हणजे त्याच्या सर्वात खचलेल्या जागेची उंची. सगळा माथा उंबऱ्यापेक्षा दीड मीटर वर आणि एकाच जागी फक्त ८० सेंटिमीटर, तर तुमच्याकडे ८० सेंटिमीटरच आहेत. ती जागा बहुतेकदा जुन्या नाल्याच्या पात्रावर सापडते, कारण तिथे भराव सर्वात जाड असतो आणि बसतोही जास्त. गाडीवाट बांधावरून जात असेल तर चाकोरीतही सापडते.

आता साठा. सर्वात जास्त खोली गुणिले पाण्याचे क्षेत्रफळ गुणिले ०.४, एवढा ढोबळ हिशेब पुरतो. एक हेक्टर पाणी आणि सहा मीटर खोली असेल तर १०,००० × ६ × ०.४ = २४,००० घनमीटर, म्हणजे २ कोटी ४० लाख लिटर. दहा हजार लिटरचे २,४०० टँकर. ‘छोटासा तलाव’ हा शब्द त्या दिवसापासून मनातून काढून टाका.

मग नाल्याच्या काठाने खाली चालत जा. दोन-तीन किलोमीटर, किंवा मोठ्या नदीला नाला मिळेपर्यंत. वाटेत काय काय आहे ते लिहा: घरे, गोठे, शाळा, मोरी, विहिरी, शेजाऱ्याचे तंबू. बांधाच्या खालची सपाट, हिरवी, नाल्याकाठची जागा तंबूंसाठी सगळ्यांना आवडते. तिथे माणसे झोपवू नका. पावसाळ्यात तर नाहीच, पण तलाव भरलेला असताना उन्हाळ्यातही नाही.

पायरी २: सांडवा

वेळ आणि पैसा कमी असेल तर दोन्ही इथे घाला. मातीचा बांध पाणी अडवण्यासाठी असतो, अंगावरून वाहू देण्यासाठी नव्हे. माथ्यावरून पाणी गेले की कोरड्या बाजूची माती वाहू लागते, तिथे घळ पडते, घळ मागे मागे सरकत माथ्याला भिडते आणि भगदाड पडते. म्हणून जादा पाणी बाजूने काढून देणारा सांडवा हाच बांधाचा खरा रक्षक.

सांडवा पुरेसा आहे का, याचा अंदाज घरी काढता येतो. तलावाला पाणी देणारा डोंगरउतार ४० हेक्टर आहे असे धरू. सह्याद्रीत तासाला १०० मिलिमीटर वेगाची सर हिशेबाला घेणे रास्त आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. जमीन आधीच चिंब असेल तर पडलेल्या पाण्यातले ७० टक्के नाल्यात येते. ०.७ × १०० × ४० भागिले ३६० = सेकंदाला सुमारे ७.८ घनमीटर. रुंद, सपाट उंबऱ्यावरून ६० सेंटिमीटर खोल पाणी वाहत असेल तर प्रत्येक मीटर रुंदीतून सेकंदाला सुमारे ०.८ घनमीटर पाणी जाते. म्हणजे सांडवा १० मीटर रुंद हवा. वर लाटा आणि बसकण यांसाठी आणखी ९० सेंटिमीटर मोकळे. एकूण उंबऱ्यापासून माथ्याच्या सर्वात खालच्या जागेपर्यंत दीड मीटर. हा हिशेब डिझाइन म्हणून वापरू नका, पण तुमचा सांडवा तीन मीटरचा निघाला तर अभियंत्याला उद्याच फोन करायचा, एवढे तो नक्की सांगतो.

आता फळ्यांचे गणित पाहा, कारण हे सर्रास होते. डिसेंबरमध्ये पाणी फुटभर जास्त दिसावे म्हणून उंबऱ्यावर ३० सेंटिमीटरच्या फळ्या किंवा वाळूची पोती लावली. साठ सेंटिमीटरपैकी निम्मी खोली गेली, तर सांडव्याची ताकदही निम्मी राहील असे वाटते. तसे होत नाही. खोली निम्मी झाली की मीटरमागे ०.८ऐवजी ०.२८ घनमीटरच पाणी जाते. दहा मीटरच्या सांडव्याची ताकद एक तृतीयांशावर येते. आणि या फळ्या काढायच्या राहून जातात, कारण पहिला पाऊस रात्री येतो. फळ्या लावूच नका. आधीच्या मालकाने उंबरा सिमेंटने पक्का वाढवला असेल तर ते बांधकाम फोडून मूळ पातळीवर आणणे हे तुमचे पहिले काम.

माशांच्या जाळीचेही तेच. जाळीवर पहिल्या पुरात पालापाचोळा, करवंदीच्या फांद्या, प्लास्टिक असे काही चिकटते की तासाभरात तिची भिंत होते. १ जूनला जाळी काढून शेडमध्ये ठेवायची आणि पाऊस संपल्यावरच लावायची. थोडे मासे जातील. जाऊ द्या.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क इथे श्रीमंतांच्या एका क्लबने जुने मातीचे धरण करमणुकीसाठी घेतले होते. उंची सुमारे २२ मीटर. गाड्या जाव्यात म्हणून माथा खाली आणून रुंद केला, सांडव्यावर माशांसाठी जाळ्या बसवल्या, आणि तळातून पाणी सोडणारे नळ आधीच काढले गेले होते ते परत बसवलेच नाहीत. ३१ मे १८८९ला अतिवृष्टीत पाणी माथ्यावरून गेले. खालच्या जॉन्सटाउनमध्ये २,२०९ माणसे मेली. वरच्या तिन्ही गोष्टी आजही आपल्याकडच्या तलावांवर दिसतात.

सांडव्यातून बाहेर पडणारे पाणी कुठे जाते तेही चालत जाऊन पाहा. सांडव्याची चारी मुरुमात खोदलेली असेल तर दरवर्षी तिच्या शेवटी धबधब्यासारखी पायरी तयार होते आणि ती वर सरकत उंबऱ्याकडे येते. तिचे अंतर दरवर्षी टेपने मोजा. पाणी वळून बांधाच्या पायथ्याला घासत असेल तर मध्ये दगडी भिंत हवी. चारीत गाडी उभी करणे, जळण रचणे, ‘पाऊस नाही तोवर’ पत्र्याचे स्वयंपाकघर घालणे, हे सगळे बंद.

पायरी ३: बांधाभोवतीची फेरी

फेरीच्या वेळा ठरलेल्या: मे अखेर, पहिल्या मोठ्या पावसानंतर, जून ते सप्टेंबर दर आठवड्याला, दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर दुसऱ्या सकाळी, आणि ऑक्टोबरमध्ये एक सविस्तर. एरवी महिन्यातून एकदा. मे महिन्याच्या फेरीआधी दोन्ही उतारांवरचे गवत चार बोटे ठेवून कापून घ्या. कमरेएवढ्या गवतात काहीच दिसत नाही. पेटवून देऊ नका. मुळे जळाली की पहिल्या सरीला माती धुपते.

सकाळी नऊच्या आत जा. ऊन तिरपे असले की उतारावरचा फुगवटा आणि खळगा सावलीने उठून दिसतो, दुपारी तोच उतार सपाट वाटतो. माथ्यावरून एकदा, कोरड्या उताराच्या मधून एकदा, पायथ्याने एकदा असे तीन वेळा चाला. बांध दोन्ही टोकांना डोंगराला जिथे मिळतो ते सांधे सावकाश पाहा. पावसाचे पाणी तिथूनच उतरते आणि गळतीलाही ती जागा आवडते.

माथ्यावर तडे पाहायचे. काळ्या मातीच्या बांधाला एप्रिल-मेमध्ये वाळण्याचे बारीक, जाळीदार तडे पडतातच. वीतभर खोल असतील तर पावसाआधी बारीक माती भरून, पाणी मारून, धुमसाने ठोकून घ्यावे. बांधाच्या लांबीला समांतर लांब तडा आणि त्याची एक कड दुसरीपेक्षा खाली बसलेली, हे उतार घसरायला लागल्याचे लक्षण. त्याचा आकार कोयरीच्या पाठीसारखा वळलेला असेल तर शंका नकोच. सर्वात वाईट तडा आडवा, म्हणजे पाण्याकडून कोरड्या बाजूकडे जाणारा. तो पाण्याच्या पातळीपर्यंत खोल गेला तर पाण्याला तयार वाट मिळते. तड्यात चुन्याचे पातळ पाणी ओता, आठवड्याने बाजूला छोटा खड्डा घ्या; पांढरी रेघ कुठवर गेली आहे ते दिसते. लांब किंवा आडवा तडा दिसला की पाणी उतरवायला घ्या आणि अभियंता बोलवा. वरून सिमेंटचा गिलावा करून तडा झाकू नका. त्याने फक्त तुमचे डोळे झाकले जातात.

पाण्याकडच्या उतारावर पिचिंगचे, म्हणजे लाटांपासून माती राखायला रचलेले, दगड पाहा. लाटा वर्षानुवर्षे एकाच पातळीवर आपटतात, कारण तुमच्या तलावाची पातळी बदलत नाही. त्यामुळे पाण्याच्या रेषेवर पायरीसारखी खाच पडते. ती फुटभर झाली की दगड काढून, खाली खडी-मुरुमाचा थर देऊन, पुन्हा हाताने रचून बसवावे लागतात. मोटरबोट असेल तर हे काम लवकर येते. होड्यांचा धक्का बांधापासून दूर, नैसर्गिक काठावर ठेवा.

आता पाझर. मातीचा बांध थोडा पाझरतोच, त्याने घाबरू नये. पाझर किती, स्वच्छ की गढूळ, आणि वाढतोय का, हे तीन प्रश्न विचारायचे. पायथ्याशी रॉक टो म्हणजे दगडांचा थर आणि त्याखाली चर असतो. त्यात पाणी गोळा होते. ते एका जागी आणून ९० अंशांचा व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी V आकाराची खाच कापलेला पत्रा, बसवा. खाचेच्या टोकापासून पाणी ३ सेंटिमीटर उंच असेल तर सेकंदाला सुमारे ०.२ लिटर, ५ सेंटिमीटरला पाऊण लिटर, १० सेंटिमीटरला साडेचार लिटरच्या आसपास. उंची खाचेत मोजू नका, तिथे पाणी वाकून खाली आलेले असते. हातभर मागे मोजा. नॉच नसेल तर १५ लिटरची बादली आणि मोबाइलमधले घड्याळ पुरते. तलावाची पातळी तीच आणि पाऊस नसतानाही पाझर वाढला, तर आत काहीतरी बदलले आहे.

गढूळपणासाठी काचेची बरणी लागते. लोणच्याची, धुतलेली. दर फेरीला पाझराचे पाणी तीत भरून झाकण लावून रात्रभर ठेवायचे. सकाळी बरणी हलकेच उचलून तळ पाहायचा. तळ निवळ असेल तर ठीक. तळाशी पिठासारखा तांबूस किंवा करडा थर बसला असेल, बोटाच्या नखाएवढा पातळ का असेना, तर ती तुमच्या बांधाच्या पोटातली माती आहे. पाणी आतून माती खात निघाले आहे. अभियंते याला पायपिंग म्हणतात. बाहेरच्या तोंडाशी सुरू झालेली नळी मागे मागे सरकत तलावापर्यंत पोचते. पोचेपर्यंत महिने जातात, पण पोचल्यानंतर काही तास पुरतात.

कोरड्या उतारावर एकाच पट्ट्यात गवत हिरवेगार, बाकी सुकलेले, लव्हाळा उगवलेला, पायाखाली जमीन स्पंजासारखी दबणारी: या खुणा पाझर पायथ्याऐवजी वरच बाहेर पडत असल्याच्या. पायथ्यापुढच्या सपाट जमिनीत पाणी उकळल्यासारखे बुडबुडत असेल आणि भोवती मातीचे छोटे कडे जमत असेल, तर ते बरणीची वाट न पाहता धोक्यात मोजा.

पायरी ४: विमोचक, म्हणजे पाणी उतरवायची सोय

संकटात तलाव खाली करता येत नसेल तर तुमच्या हातात काहीच नाही. त्यामुळे विमोचकाचा व्हॉल्व्ह दर तीन महिन्यांनी पूर्ण उघडा, पूर्ण बंद करा, आटे ग्रीसमध्ये ठेवा. वर्षानुवर्षे न हललेला व्हॉल्व्ह जोर लावून उघडू नका. तो उघडा राहून बंदच झाला नाही, किंवा दांडा तुटला, तर फजिती होते. आधी वरच्या तोंडाला झाकण बसवायची सोय करून मगच हात लावा. व्हॉल्व्ह उघडायच्या आधी पोहणाऱ्यांना पाण्याबाहेर काढा. पाइपच्या तोंडाशी ओढ इतकी असते की माणूस चिकटला तर सुटत नाही. तोंडावर लोखंडी पिंजरा हवाच.

बांधाच्या पोटातून जाणारा पाइप ही नेहमीच नाजूक जागा. पाइपच्या खालच्या कुशीत माती नीट दाबली जात नाही, आणि पाणी पाइपच्या बाहेरून वाट काढते. पाइप गंजून भोक पडले तर माती आत ओढली जाते आणि वर माथ्यावर किंवा उतारावर वाटीसारखा खळगा पडतो. १२ जुलै १९६१च्या पानशेत दुर्घटनेत विमोचकावरचा भराव खचला होता. काम अपुरे, विमोचकाची घडण कच्ची, जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते, तरी धरण वाचले नाही. पाइपच्या तोंडाभोवती, बाहेरच्या बाजूने ओल दिसली तर ती किरकोळ समजू नका.

विमोचकच नसेल, किंवा गाळात गाडला गेला असेल, तर बांध खोदून नवा पाइप घालू नका. सायफन करा. १५० मिलिमीटरचा जाड एचडीपीई पाइप पाण्यातून माथ्यावरून कोरड्या बाजूला आणायचा. पातळ पीव्हीसी नको, आतल्या ओढीने तो चेपतो. आतल्या टोकाला गाळणीसह फुटव्हॉल्व्ह, बाहेरच्या टोकाला व्हॉल्व्ह, माथ्यावर भरण्यासाठी टोपी. बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करून वरून पाइप गच्च भरा, टोपी घट्ट लावा, व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. माथ्यावरचा पाइप पाण्याच्या पातळीपेक्षा सहा मीटरहून जास्त उंच राहू लागला की सायफन तुटतो, हे लक्षात असू द्या. टोकांत पाच मीटर उताराचा फरक असला तर सेकंदाला ५० लिटरच्या आसपास पाणी निघते. एक हेक्टर तलाव दिवसाला सुमारे ४० सेंटिमीटर उतरतो. हे पाणी पायथ्यावर पडू देऊ नका, पाइप पुढे नाल्यातल्या दगडांवर न्या.

घाईचे कारण नसेल तर दिवसाला ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरवू नका. पाण्याकडची माती भिजून जड झालेली असते. तिला बाहेरून टेकू देणारे पाणी झपाट्याने काढून घेतले तर तो उतारच घसरून तलावात बसतो. आणि दर पाच वर्षांनी एकदा, एप्रिलमध्ये, तलाव मुद्दाम अर्ध्यावर आणा. बुकिंग बुडेल, पण पाण्याखालचे बिळ, खाच, गाळात गेलेले तोंड पाहायची दुसरी वाट नाही.

पायरी ५: झाडे आणि बिळे

माथ्यावर सुरू, गुलमोहर, बांबू लावायची इच्छा सगळ्यांना होते. लावू नका. वाऱ्याने झाड उन्मळले तर मुळांबरोबर टेम्पोभर माती निघते. झाड मेले तर मुळे कुजून आत पोकळ नळ्या राहतात. बांधावर फक्त गवत हवे: हरळी किंवा मारवेल. मनगटापेक्षा बारीक रोपटी दरवर्षी मुळासकट उपटा. मोठे झाड आधीपासून असेल तर ते कापून मोकळे होऊ नका, कारण कुजायला तिथूनच सुरुवात होते. पाणी उतरवून, खोड आणि बोटभर जाडीपर्यंतची मुळे खणून काढून, खड्ड्याच्या कडा उताराच्या करून, ओलसर मातीचे १५ सेंटिमीटरचे थर देत ठोकून भरावे लागते. मोठी झाडे चार-सहा असतील तर हे काम अभियंत्याच्या देखरेखीत.

घूस, साळिंदर, वाळवी, खेकडे सगळेच खणतात. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, वीसपेक्षा जास्त माणसे गेली. तेव्हा खेकड्यांवर खापर फोडले गेले आणि त्याची खूप चर्चा झाली. गावकरी मात्र गळतीबद्दल आधीपासून सांगत होते. बिळे बुजवलीच पाहिजेत. पण बीळ हे कारण सापडले म्हणून पाझराकडे दुर्लक्ष करू नका. बीळ बुजवताना तोंडात दगड कोंबून चालत नाही, आतली पोकळी तशीच राहते. चिकणमातीत थोडे सिमेंट मिसळून कढीएवढे पातळ करा, नळीने आत ओता, बसले की पुन्हा ओता, शेवटचा फूटभर भाग खणून मातीने ठोका. वारूळ असेल तर आधी राणीपर्यंत खणावे लागते.

पायरी ६: गळती वाढली तर काय करायचे

गढूळ पाणी दिसताच माणूस पहिल्यांदा ते भोक बुजवायला धावतो. काँक्रीट, चिकणमाती, गोणपाट, जे हाती लागेल ते. कोरड्या बाजूने भोक बंद करू नका. पाणी थांबत नाही. आत दाब वाढतो आणि ते शेजारून, मोठे तोंड करून निघते. पाण्याला जाऊ द्यायचे आणि मातीला अडवायचे, यासाठी गाळणी करतात. गळतीच्या तोंडावर आणि भोवती दीड-दोन मीटरपर्यंत आधी जाड वाळूचा ३० सेंटिमीटर थर, त्यावर १० ते २० मिलिमीटर खडीचा ३० सेंटिमीटर, त्यावर वजनाला दगड. क्रश सँड वापरत असाल तर धुतलेली घ्या. तिच्यातली भुकटी गाळणी बंद करते. पाण्याचा जोर वाळू उडवून लावत असेल तर आधी खडी टाकून जोर मोडा, मग वाळू, मग पुन्हा खडी. बुडबुडणाऱ्या जागेभोवती वाळूच्या पोत्यांचे कडे रचून आत पाणी गुडघाभर चढू दिले की आतला जोर कमी होतो. त्याच वेळी सायफन आणि विमोचक सुरू. पाण्याकडच्या बाजूला भोवरा दिसत असेल तर तिथे माती भरलेली पोती आणि ताडपत्री सोडतात, पण कंबरेला दोर बांधल्याशिवाय आणि वर दोघे धरल्याशिवाय कुणीही तिथे उतरायचे नाही.

यासाठी पाच घनमीटर वाळू, पाच घनमीटर खडी, २०० रिकामी पोती, दोन फावडी-घमेली, टॉर्च आणि दोर मेपासून बांधाजवळ, पण नाल्याच्या पातळीच्या वर, साठवून ठेवा. पावसात ट्रॅक्टर रुततो.

पायरी ७: पावसाळी रात्रीचा आराखडा

पाण्यात उभ्या खांबावर पट्टी रंगवा. सांडव्याच्या उंबऱ्यापर्यंत हिरवा, तिथून ३० सेंटिमीटर पिवळा, त्यावर लाल. उंबऱ्यापासून माथ्यापर्यंत दीड मीटर मोकळे असलेल्या वरच्या उदाहरणातल्या बांधाला हे आकडे बसतात. तुमची मोकळी उंची कमी असेल तर लाल रंग खाली आणा. पट्टीवर रात्री टॉर्चचा झोत पोचला पाहिजे.

पिवळ्यात पाणी आले की एक माणूस जागा राहतो, दर तासाला पट्टी, सांडवा आणि पायथा पाहून वेळेसह वहीत लिहितो. सांडव्यात अडकलेला ओंडका काढायचा तर काठावरून, लांब आकडीने. लाल रंगात पाणी शिरले, किंवा पाझर गढूळ झाला, किंवा माथ्यावर नवा तडा अथवा खळगा दिसला, यातली एकही गोष्ट झाली की फोन. आधी नाल्याकाठच्या घरांना, मग पोलीस पाटील आणि सरपंच, मग ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, मग तहसील कार्यालय. हे क्रमांक कागदावर, प्लास्टिकमध्ये घालून, तीन ठिकाणी लावलेले हवेत. डोंगरात रेंज जाते, म्हणून खालच्या पहिल्या दोन घरांपर्यंत चालत जाणारा माणूस आणि त्याची वाट आधीच ठरवा. ती वाट नाल्यातून जाणारी नको. खालच्या लोकांना मे महिन्यातच भेटून सांगा की अशी हाक आली तर कुठल्या टेकाडावर जायचे. उगाच घाबरवतोय असे वाटून हे टाळले जाते. उलट सांगणाऱ्या मालकावर लोकांचा विश्वास बसतो.

पाणी माथ्याच्या हातभर खाली आले की बांधावर कुणीही थांबायचे नाही, पोती रचायलाही नाही. दाब कमी करू म्हणून जेसीबीने बांधाला चर पाडायचा विचार तर मनातही आणू नका. तो चर तासाभरात भगदाड होतो.

पूर ओसरल्यावर दुसऱ्या सकाळी पाणी सर्वात वर कुठवर गेले होते त्याची रेघ अजून ओली असते, पाला अडकलेला असतो. त्या रेघेवर तारीख घालून रंगाची खूण करा, खुंट्यांवरची माथ्याची उंची नळीने पुन्हा मोजा, आणि त्याच जागेवरून, त्याच दिशेने फोटो काढा. अभियंता निवडताना सिंचन खात्यात मातीच्या धरणांवर काम केलेला, बहुधा निवृत्त, असा पाहा. इमारतींचा अनुभव इथे कामाचा नाही. मातीचे नमुने तपासायचे असतील तर नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था हे काम १९५९पासून करते आहे. तो अभियंता आला की त्याच्या हाती आधी ही वही द्या: तारीख, तलावाची पातळी, आधीच्या २४ तासांतला पाऊस, नॉचवरची उंची, बरणीचा तळ, खुंटी क्रमांकासह जे दिसले ते. दोन पावसाळ्यांच्या अशा नोंदी असल्या तर तो अर्ध्या तासात नेमक्या जागी जाऊन उभा राहतो.